बायोप्सीच्या तुकड्यात आयजीई शोधायचंय? एथिक्स कमिटीचा अर्ज असा करा

नाकात मांस वाढलं म्हणून ऑपरेशन होतं, रिपोर्ट घेऊन पेशंट घरी जातो. तुकड्याचा मेणातला ब्लॉक मात्र पॅथॉलॉजी विभागात राहतो. त्याच ब्लॉकमधून आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी, रंगवून पाहता येते. रक्ततपासणीत ती किती आहे ते कळतं, स्लाइडवर ती कुठल्या पेशीला चिकटलीय ते दिसतं. रक्तात नॉर्मल असूनही ती नाकात सापडू शकते. धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या पीजी विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय झकास आहे. मात्र एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय का ते पाहणाऱ्या समितीची, मंजुरी कामाला हात लावण्याआधीच घ्यायची.

अर्ज शिक्षक किंवा पीजी विद्यार्थी करू शकतात. एमबीबीएसवाल्यांना मार्गदर्शक हवाच. उपचारासाठी डॉक्टरांनीच स्टेन, म्हणजे ही रंगवून तपासणी, सांगितला असेल, तर हा खटाटोप नाही.

आधी पद्धत पक्की करा, कारण कागदपत्रं तिच्यावर ठरतात. फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या तुकड्यावर इम्युनोपेरॉक्सिडेज (एन्झाइमने रंग आणायची पद्धत) चालतं: आयजीई तपकिरी, केंद्रकं निळी. इम्युनोफ्लुरोसन्सला (चमकणाऱ्या रंगाची पद्धत) सहसा ताजा तुकडा लागतो, म्हणजे नवा पेशंट आणि नवी संमती. टोल्युइडिन ब्लू या रंगाने फक्त मास्ट पेशी (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) जांभळ्या दिसतात, आयजीई नाही. प्रस्तावात ही गल्लत नको. प्राथमिक अँटिबॉडी (आयजीईला शोधून चिकटणारी) न घातलेली, तुलनेसाठीची कंट्रोल स्लाइडही त्यात लिहा.

सोबत प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), विभागप्रमुखांची परवानगी, संशोधकांचे बायोडेटा, खर्चाचा तपशील आणि मराठी माहितीपत्रक व संमतीपत्र जोडा. माझ्या मते खरी मेहनत या शेवटच्या दोन कागदांवर घ्यावी. ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’ असं छापून शहाद्याच्या शेतकऱ्याला काय कळणार? ‘काढलेल्या तुकड्याचा पातळ काप रंगवून पाहू’ एवढं लिहा, आणि गरज पडली तर अहिराणीत, पावरीत समजावून सांगा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा, तुमच्या टीममधला नको. पेशंट अठराच्या आतला असेल तर पालकांची संमती. सात वर्षांपुढच्या मुलाचा होकारही घ्यायचा.

जुन्या, नाव काढून टाकलेल्या उरलेल्या ब्लॉकसाठी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीतून सूट मागता येते. ती कमिटी देते, आपण गृहीत धरायची नाही. अर्जात ब्लॉकला कोड कोण देणार, कोड कुणाचा याची यादी कुणाच्या कपाटात राहणार, हे लिहा. आणि पूर्ण ब्लॉक कापून संपवणार नाही, हेही. उद्या पेशंटलाच तो लागू शकतो.