दातावरचा डाग किडीचा की पाण्याचा?

"दात घासत नाई काय बे?" यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक पोट्ट्यांनी हे उगाच ऐकून घेतलेलं असतं. समोरचे दात पिवळट-तपकिरी दिसले की मास्तर, मामा, दुकानदार, जो तो हेच विचारतो. पोरगा बिचारा रोज घासत असतो. कधी राख, कधी मीठ, कधी कोळसा घेऊन जरा जास्तच. डाग हलत नाही, कारण तो दातावर बसलेला नाही, दाताच्या घडणीतच आहे. त्याच वर्गातल्या एखाद्या पोरीचे समोरचे दात पांढरेशुभ्र असतात आणि मागच्या दाढेला भोक पडलेलं असतं. तिला कोणी काही म्हणत नाही.

पोराचा तो फ्लोरोसिस, पोरीची ती कीड. दोघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे.

फ्लोरोसिस पाण्यातून होतो. या दोन जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत जमिनीखालच्या खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं. उथळ विहिरीपेक्षा खोल बोरिंगच्या पाण्यात ते बहुधा जास्त सापडतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात पाणी वाईट आहे हे जिभेला लगेच कळतं. फ्लोराइडला ना चव, ना वास, ना रंग. त्यामुळे 'आमच्या बोरिंगचं पाणी गोड आहे' यावरून काहीच ठरत नाही.

पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात ते साधारण आठव्या वर्षापर्यंत. त्या काळात पोटात गेलेलं जादा फ्लोराइड दाताच्या वरच्या कवचाची घडण बिघडवतं. दात खडूसारखे पांढरे पट्टे घेऊनच उगवतो आणि पुढे तेच पट्टे तपकिरी होत जातात. बाहेरगावाहून लग्न होऊन आलेली सून कितीही वर्षं ते पाणी प्यायली तरी तिच्या दातांवर हा डाग येत नाही. तिच्या त्याच गावात वाढलेल्या पोरांच्या दातांवर येतो. सोयरीक जुळवताना दात पाहून 'घराण्यातच खोट आहे' म्हणणाऱ्यांनी आधी बोरिंग पाहावं. सुनेला त्या पाण्यापासून धोकाच नाही असं मात्र नाही. फ्लोराइड फारच जास्त असेल तर काही वर्षांनी हाडं आणि सांधे आखडतात.

किडीचा कारभार तोंडातल्या तोंडात चालतो. दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरतं. आत अळी वगैरे काही नसते; बियांचा धूर देऊन दातातून अळ्या 'काढून' दाखवणारे बाजारात काय वाटेल ते दाखवोत. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे जास्त नडतं. दिवसभर थोडा थोडा गोड चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट, जे दाढेच्या खाचेत लगदा होऊन बसतं, हे किडीला फार मानवतं.

दोन्ही ओळखायला उन्हात बसवून पोराचे दात स्वच्छ फडक्याने कोरडे करा. ओल्या दातावर पांढरे पट्टे नीट दिसत नाहीत. डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्याच आडव्या रेघा असतील आणि पृष्ठभाग टणक असेल तर संशय पाण्यावर घ्यावा. गल्लीतल्या बाकी पोरांचेही दात तसेच असतील तर जवळजवळ खात्रीच. किडीचा डाग बहुतेक वेळा एकटा असतो: दाढेच्या खाचेत, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला. तिथे घास अडकतो, गोड किंवा थंड लागलं की कळ जाते. सुई-पिन टोचून मात्र पाहू नका. दुधाचे दात हिरडीलगत काळे पडले असतील तर ती बहुधा कीडच, कारण फ्लोरोसिस दुधाच्या दातांवर कमी दिसतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. ती पक्की असते, आयुष्यभराची, आणि सर्वांत आधी तीच किडते.

आता लोक अडतात ते इथे: फ्लोराइडनेच दात बिघडतात, तर फ्लोराइडची पेस्ट कशाला? हिशेब करून पाहा. पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम असेल आणि पोरगा दोन लिटर प्यायला, तर ६ मिलिग्रॅम थेट पोटात. १००० पीपीएमची (किलोमागे १००० मिलिग्रॅम फ्लोराइडची) पेस्ट वाटाण्याएवढी घेतली तर त्यात पाव मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तीही थुंकायची असते. कवचाला वरून लागलेलं फ्लोराइड किडीपासून वाचवतं. गिळून टाकणाऱ्या लहान लेकराला अशा गावात कोणती पेस्ट द्यायची ते मात्र दंतवैद्यालाच विचारा. रात्री झोपण्याआधीचं घासणं कुणालाच चुकवू देऊ नका. कडुनिंबाचं दातवन हिरडीला लागेल इतकं जोरात न घासता वापरलं तर वाईट नाही, पण त्यात फ्लोराइड नसतं. आणि नस (तपकीर) किंवा गुडाखूला मंजन समजू नका, तो सरळसरळ तंबाखू आहे.

पाण्याचा बंदोबस्त घासण्याने होत नाही, उकळण्यानेही नाही. उकळल्यावर पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते कमी करण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच काढली आहे. आरओनेही फ्लोराइड कमी होतं. पण आधी नमुना तपासून घ्या. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो, त्याला फ्लोराइडची तपासणी मुद्दाम करायला सांगा. जवळच कमी फ्लोराइडची विहीर सापडली तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तिथून आणलं तरी पुरतं. धुण्या-भांड्याला बोरिंग चालतं.

किडलेली दाढ लवकर भरून घेतली तर वाचते, म्हणून तिथे दिवस घालवू नयेत. फ्लोरोसिसच्या डागाला तशी घाई नाही. कानस लावून तो खरवडून घेऊ नका, दंतवैद्याकडे कवच राखून डाग फिका करण्याचे किंवा झाकण्याचे उपाय आहेत. घरात धाकटं भावंड असेल तर घाई पाण्याची करा, कारण त्याचे पक्के दात अजून हिरडीतच आहेत.