कार्यालयीन इमारतींचे बाह्यावरण आणि वातानुकूलनाचा खर्च (पुणे)

इमारतीच्या बाहेरच्या भिंती, काचा, छज्जे आणि छप्पर मिळून जे कवच तयार होते, त्याला बाह्यावरण म्हणतात. ‘एलिव्हेशन’ म्हणून त्याचा विचार बहुधा दिसण्यापुरता होतो. पण कार्यालयात किती ऊन शिरणार हे तेच ठरवते. त्यावरून वातानुकूलन यंत्रणेची क्षमता ठरते आणि त्या क्षमतेवर डक्ट, रोहित्र आणि जनरेटर किती मोठे लागतील ते अवलंबून असते. म्हणजे वीजबिल सुरू होण्याआधीच बांधकामाचा खर्च वाढलेला असतो.

पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, रात्री मात्र बराच उतरतो. मेच्या मध्याला येथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. दक्षिणेची बाजू त्यामुळे सांभाळायला सोपी. खिडकीच्या उंचीच्या एक तृतीयांश इतका बाहेर आलेला आणि दोन्ही बाजूंना पुरेसा लांबवलेला छज्जा मार्चच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत तिला थेट उन्हापासून वाचवतो.

खरी अडचण पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन तिरपे, थेट खिडकीत येते आणि छज्जा निरुपयोगी ठरतो. तेथे बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळी लागते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे जिने, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे त्या बाजूला टाकणे. पण रस्ता पश्चिमेला असला की दर्शनी काचही पश्चिमेलाच येते, आणि भूखंड निवडताना हे क्वचितच पाहिले जाते.

याचा ढोबळ हिशेब करता येतो. पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर उन्हाळी दुपारी दर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडते असे धरू. साधी पारदर्शक काच त्यातले सुमारे ८० टक्के उष्णतेच्या रूपाने आत सोडते, म्हणजे ४८० वॉट. या प्रमाणाला काचेचा सौर उष्णता गुणांक म्हणतात; येथे तो ०.८. वातानुकूलनाचा एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट, तेव्हा अशी सात-सव्वासात चौरस मीटर काच एकटीच एक टन खाते. हाच गुणांक ०.२७ असलेली काच बसवली तर एका टनात जवळपास २२ चौरस मीटर काच भागते. चांगली काच महाग असते हे खरे, पण दरपत्रकात ती वेगळ्या रकान्यात येते आणि वाचलेले टन वेगळ्या. तुलना होतच नाही. शिवाय पश्चिमेचा हा भार बाहेरची हवा सर्वांत तापलेली असतानाच येतो. उच्चदाब ग्राहकाला वीज युनिटांबरोबर कमाल मागणीचेही, म्हणजे महिन्यातील सर्वोच्च भाराचेही, पैसे मोजावे लागतात, त्यामुळे तो बिलात दोनदा दिसतो.

ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली. तिच्या २०१७ च्या आवृत्तीतील विहित पद्धतीनुसार (म्हणजे प्रत्येक घटकाला ठरावीक मर्यादा घालणाऱ्या पद्धतीनुसार) काचेचे क्षेत्र बाह्य भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि उत्तरेखेरीज इतर बाजूंच्या काचेचा वरील गुणांक ०.२७ पेक्षा जास्त नसावा.

आकाराचाही खर्च असतो. वक्र किंवा खाचाखोचा असलेल्या इमारतीला तेवढ्याच चटईक्षेत्रासाठी जास्त भिंत लागते आणि प्रत्येक काचेचे माप निराळे होते. उलट चौकोनी, खोल मजल्याला भिंत कमी लागते, पण खिडकीपासून सहा-सात मीटरपलीकडे दिवसाही दिवे लावावे लागतात. अशा खोल मजल्याच्या आतल्या भागात माणसे, संगणक आणि ताजी हवा यांचाच भार मोठा असतो. तेथे बाह्यावरणाकडून फार अपेक्षा धरू नये.

पुण्यातील वाड्यांच्या जाड भिंती आणि लष्कर भागातील ब्रिटिशकालीन इमारतींचे व्हरांडे ऊन अडवण्याचे काम विजेविना करत. हिंजवडी, खराडी, बाणेर येथील आयटी इमारतींत काच वरचढ झाली, ती केवळ अज्ञानामुळे नव्हे. यातील पुष्कळ जागा भाड्याच्या. काच निवडतो विकसक, बिल भरतो भाडेकरू. मग महाग काचेत पैसे कोण घालणार? हडपसरचे ‘सुझलॉन वन अर्थ’ कंपनीने स्वतःचे मुख्यालय म्हणून बांधले, हा फरक येथे महत्त्वाचा आहे. वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ते कमी उंचीचे ठेवले आणि बाहेरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे आवरण दिले. त्याला हरित इमारतींसाठीचे लीड प्लॅटिनम मानांकन मिळाले.

अशा पट्ट्यांवर धूळ बसते आणि कबुतरे तर हमखास. देखभालीसाठी बाहेरून चालण्याची पट्टी मूळ आराखड्यातच ठेवावी लागते.

उभ्या इमारतीत नंतर करता येण्यासारखे थोडेच उरते. आतले पडदे चकाकी थांबवतात, पण तोवर उष्णता काच ओलांडून आलेली असते. वर पडदे ओढून दिवे लावले जातात ते वेगळेच. छपरावर पांढरा परावर्तक लेप स्वस्त पडतो, पण त्याचा फायदा मुख्यतः सर्वांत वरच्या मजल्याला. काचेवर फिल्म लावता येते. मात्र साध्या, उष्णता-प्रक्रियेने मजबूत न केलेल्या काचेवर गडद फिल्म लावल्यास उन्हातला आणि सावलीतला भाग असमान तापून काच तडकू शकते, म्हणून आधी काचेचा प्रकार तपासून घ्यावा लागतो.