एकाधिकार ते खुला बाजार: खानदेशच्या कापसाचा गुंता

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एक जुना वाद नव्याने पेटतो. कुणी म्हणतं, एकाधिकार खरेदी (राज्यातला कापूस फक्त सरकारनेच घ्यायची जुनी योजना) होती तेव्हाच शेतकऱ्याला चार पैसे हमखास मिळत होते. दुसरा लगेच तोंडावर सांगतो की त्या एकाधिकारानेच कापूसवाला बुडाला. आज तिशीत असलेल्या शेतकऱ्याने ती योजना बहराच्या काळात पाहिलेली नाही, तरीही वडिलांकडून ऐकलेली एकेक बाजू घेऊन तो हिरिरीने भांडतो. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत देशाची राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था जितक्या वेळा कूस बदलली, तितक्या वेळा कापूस कोणी, कुठे आणि कोणत्या भावाने घ्यायचा याचे नियमही बदलले. या वादाची मुळं तिथे आहेत.

फार मागे जायचं कारण नाही. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला आणि शेतसारा रोखीत भरण्याची सक्ती घट्ट होत गेली. १८५२ मध्ये जमीन मोजणीवरून सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागांत शेतकरी उठले आणि सरकारला फौज आणावी लागली. सारा वाढण्याची भीती त्यामागे होती. त्यानंतर दहा वर्षांतच चित्र पालटलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), तिकडचा कापूस विलायतेला पोचेना आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच सुमारास रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत आली. ज्वारी-बाजरीच्या शेतात कापूस उभा राहिला. १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. विलायतेतल्या गिरण्यांची ओरड हे त्याचं कारण होतं. युद्ध संपलं, भाव कोसळला, पण रोखीच्या पिकाची आणि त्यासोबत सावकाराची सवय मागे राहिली.

पुढे जळगावला आणि नंतर अमळनेरला कापडगिरण्या निघाल्या, गावोगाव जिन (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) आले. व्यापारी आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा असे आणि आपल्या कापसाचा भाव त्याला सर्वांत शेवटी कळे. या प्रकाराला आळा घालण्यासाठी १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला आणि त्याखाली नियंत्रित झालेल्या पहिल्या बाजारांत धुळ्याचा बाजार होता. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं आणि तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. त्यात सारा, खंड (जमीनमालकाला द्यायचं भाडं) आणि कर्ज यांचं ओझं हलकं करण्याची भाषा होती. शेतमाल कोणी विकत घ्यायचा हा प्रश्न मात्र तेव्हा ऐरणीवर आला नव्हता.

तो आला स्वातंत्र्यानंतर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापड आणि कापसावर नियंत्रणं आली होती, ती पुढेही बरीच वर्षं राहिली. गिरण्यांना स्वस्त कापूस आणि शहरातल्या माणसाला स्वस्त कापड मिळावं, हे धोरण राज्यकर्त्यांना पटणारं होतं. त्याची किंमत कोण मोजत होतं हे विचारायला कापूसवाल्यांची संघटना नव्हती. १ एप्रिल १९५७ ला कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी, त्या जमिनीची मालक झाली. ते मोठं काम होतं आणि खानदेशातल्या कितीतरी घरांची आजची शेती त्याच तारखेची आहे. जमीन कुळाच्या नावावर झाली, पण जिनच्या दारात त्याला काय भाव मिळेल यावर तिचा काही परिणाम नव्हता.

आता मूळ वादाकडे. १९७१ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला की राज्यात पिकलेला कच्चा कापूस शेतकऱ्याने सरकारच्या यंत्रणेलाच विकायचा. १९७२-७३ च्या हंगामापासून तो अमलात आला. त्याच्या आदल्या दोन हंगामांत कापसाचा भाव आधी चढून नंतर धाडकन पडला होता. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन दोन-तीन वर्षं झालेली, ‘गरिबी हटाव’चा काळ, आणि व्यापाऱ्याला बाजूला सारणं म्हणजे शेतकऱ्याची सुटका, हे तेव्हा डाव्या-उजव्या दोघांनाही मान्य होण्यासारखं होतं.

कागदावर ही योजना उत्तम होती, हे मी आजही म्हणेन. सरकार फक्त कापूस घेऊन थांबणार नव्हतं. ते ठरलेल्या मजुरीवर जिनमधून रुई काढून घेणार, गाठी बांधणार, सरकी आणि गाठी स्वतः विकणार आणि नफ्यातला मोठा वाटा बोनस म्हणून परत शेतकऱ्याला देणार. काही भाग भावाच्या चढउतारासाठीच्या निधीत जाणार. भाव पडला तर हमी, चढला तर वाटा. शेतकऱ्याला बोंडापासून गाठीपर्यंतच्या साखळीत भागीदार करण्याचा इतका मोठा प्रयत्न या देशात क्वचितच कुणी केला असेल.

अडचण सक्तीत होती. सरकारने हमीभाव द्यावा आणि शेतकऱ्याने त्यापेक्षा चांगला भाव मिळाला तर कुठेही विकावं, एवढंच ठरलं असतं तर ही योजना आजही चालू राहिली असती, असं मला वाटतं. पण मग सरकारकडे फक्त पडत्या भावाचा कापूस येईल आणि चढत्या भावाचा व्यापाऱ्याकडे जाईल, नफा उरणारच नाही, असा युक्तिवाद होता. तो चुकीचा नव्हता. म्हणून दार बंद करायचं ठरलं. दुसऱ्याच हंगामात ही योजना थांबवावी लागली आणि पुढच्या हंगामात फेरबदल करून ती परत आली, यावरून हे दार बंद ठेवणं किती अवघड होतं ते दिसतं.

विदर्भापेक्षा खानदेशात ते अधिक अवघड होतं. रावेरला मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ, शिरपूरहून आग्रा रोडने सातपुडा ओलांडला की तिथलंच सेंधवा, नवापूरच्या रेल्वे स्टेशनची तर निम्मी हद्दच गुजरातेत. शिवाय ही गुजरातची हद्द तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. १९६० मध्ये पश्चिम खानदेशातली निझर, उच्छल भागातली गावं गुजरातेत गेली, पण सोयरीक, बाजार आणि पायवाटा तशाच राहिल्या. पलीकडे भाव जास्त असला की रात्रीतून गाड्या निघत. नाक्यावर अडवलं तर तो गुन्हा. स्वतःच्या शेतातला कापूस भाचीच्या सासरच्या गावी नेऊन विकणं चोरी ठरावी, हे शेतकऱ्याच्या पचनी कधीच पडलं नाही. पलीकडे भाव कमी असला की उलटं होई. तिकडचा कापूस इथल्या सातबाऱ्यावर चढून खरेदी केंद्रात येई. म्हणजे तेजीत सरकारला कापूस मिळेना आणि मंदीत नको इतका मिळे. ज्या नफ्यातून बोनस द्यायचा होता तो नफा अशा वाटेने झिरपून गेला.

केंद्रावरचा अनुभव आणखी वेगळा. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. ग्रेडर मूठभर कापूस उचलून बोटांनी धागा ताणून पाही आणि प्रत सांगे. एक प्रत खाली गेली की क्विंटलमागे पैसे गेले. मग मोजमाप, मग पावती. पावतीवरची रक्कम एकदम हातात पडत नसे, हप्त्याने मिळे. त्यातही सोसायटीचं पीककर्ज परस्पर कापलं जाई. सहकारी पतव्यवस्थेला ही वसुली प्राणवायूसारखी होती, म्हणूनच योजना टिकवण्यात अनेकांचा जीव अडकला होता. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दिवाळीला घरात रोख यायला हवी तेव्हा हातात कपातीचा कागद यायचा. मग ज्याच्यावर कर्ज नाही अशा नातेवाइकाच्या नावावर कापूस घालणं सुरू झालं. खोट्या नावांचा हा रिवाज भ्रष्टाचाराच्या खात्यात मांडला जातो. त्यातला काही भाग तसा होताच, पण बराचसा भाग अडचणीतल्या माणसाने काढलेली पळवाट होता.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर योजनेतला हमीभाव केंद्र सरकारच्या आधारभूत किमतीशी बांधला गेला आणि राज्याचा मोकळा हात आखडला. नव्वदच्या दशकात आगाऊ बोनसची पद्धत आली. बोनस म्हणजे नफ्यातला वाटा. तो नफा व्हायच्या आधीच जाहीर होऊ लागला, आणि या योजनेचा कणा तिथे मोडला. बाजार पडलेल्या वर्षांत तोटा सरकारच्या तिजोरीवर आला, तो फेडायला कर्ज निघालं, आणि शेतकऱ्याचे चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) महिनोन्‌महिने रखडले. शेतकरी चळवळीतही दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं होतं, एकाधिकार ठेवा पण भाव वाढवा. दुसऱ्याचं म्हणणं होतं, दार उघडा, आमचं आम्ही बघतो. व्यापाऱ्यांचाही विरोध होताच, त्यांची कारणं उघड आहेत.

१९९१ नंतर देशाची दिशाच बदलली होती. आयात-निर्यात सैल झाली, मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या होत्या, खानदेशातल्या जुन्या गिरण्यांचीही तीच गत झाली. २००२ च्या आसपास महाराष्ट्राने खासगी खरेदीला परवानगी दिली आणि एकाधिकार नावापुरता उरला. त्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाच्या (बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या) वाणांना देशात मंजुरी मिळाली. हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आजच्या भांडणातला निम्मा गोंधळ त्यातूनच येतो. पुढच्या काही वर्षांत बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, जळगावकडे ठिबकवर पूर्वहंगामी कापूस वाढला, उतारा वाढला, जिनिंग-प्रेसिंगचे नवे कारखाने उभे राहिले. लोकांच्या आठवणीत हे सगळं ‘खुल्या बाजाराने’ घडवलं असं नोंदलं गेलं. त्यात बियाण्याचा वाटा किती, पाण्याचा किती आणि बाजाराचा किती, हे कुणी वेगळं काढून पाहत नाही.

शिवाय बाजार खुला झाला म्हणजे सरकार बाजूला झालं असं मुळीच नाही. मार्च २०१२ मध्ये भाव बरा असताना कापूस निर्यातीवर अचानक बंदी आली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने पीक खाल्लं. त्यानंतर अळीचं चक्र तोडायचं म्हणून राज्यात बियाण्याची किरकोळ विक्री ठरावीक तारखेपर्यंत, काही वर्षं तर मेअखेरपर्यंत, रोखून धरली जाऊ लागली. खानदेशातला बागायतदार मे महिन्यातच कापूस लावतो. त्याने काय करायचं? तो पलीकडच्या राज्यातून पाकिटं आणतो, आणि त्यात बनावट किंवा बेकायदा वाण हाती पडलं तर तक्रारीलाही जागा राहत नाही. पन्नास वर्षांपूर्वी कापूस हद्दीपलीकडे जाणं गुन्हा होता, आता बियाणं अलीकडे येणं गुन्हा आहे.

२०२२ च्या वसंतात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला. पुढच्या वर्षी तो येईल म्हणून अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि तो आला नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे एका हाताने आधार देताना दुसऱ्या हाताने बाजारभाव खाली ओढला गेला. कापडउद्योगाला स्वस्त कच्चा माल हवा, हे स्वातंत्र्यानंतरचंच धोरण आहे. फरक एवढाच की तेव्हा भावावर मर्यादा घालून ते साधलं जाई, आता शुल्क उठवून.

हमीभावाने विकायचं तर सातबारा, ई-पीक पाहणीची (पेरलेल्या पिकाची मोबाइलवरून केलेली) नोंद, मोबाइलवरची नोंदणी, मग ठरलेली वेळ. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला की माल परत. कोरडवाहू शेतकऱ्याला थोडीफार वाट पाहता येते. ठिबकवरच्या पूर्वहंगामी कापसाची पहिली वेचणी मात्र सप्टेंबरात पावसाच्या सरींमध्येच होते, तेव्हा ओलावा जास्त असतो आणि केंद्रं अजून उघडलेली नसतात. तो कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने जातो आणि सरकारी खरेदीच्या आकड्यांत त्याची कुठेच नोंद होत नाही.