प्लास्टर निघालं, पण हाड अजून तयार नाही

अंतराळवीर स्थानकावरून परततात तेव्हा त्यांचे स्नायू तर बारीक झालेले असतातच, पण हाडंही विरळ झालेली असतात. वजनरहित अवस्थेत खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते दीड टक्क्याने घटते. पाळी गेल्यानंतर बाईच्या हाडांची एवढी झीज व्हायला वर्ष लागू शकतं. पायाला प्लास्टर असलेल्या किंवा महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शरीरातही हेच घडतं. हाडावर भार नाही म्हटल्यावर शरीर ते मोडीत काढू लागतं.

हे हाडाला कळतं कसं? हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी बारीक पोकळ्यांत बसलेल्या असतात आणि केसाहून सूक्ष्म नळ्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. आपण पाऊल टाकलं की हाड किंचित वाकतं आणि या नळ्यांतला द्रव हलतो. तो हलला की पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी बनवतात. हे प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींना रोखून धरतं, त्यामुळे ते घटलं की बांधकाम सुरू होतं. माणूस पडून राहिला की नेमकं उलट होतं.

अडचण वेगाची आहे. हाडाचा एखादा छोटा भाग खरवडून काढायला पेशींना दोन-तीन आठवडे पुरतात, तोच भरून काढायला तीन-चार महिने जातात. स्नायू मात्र व्यायामाने त्या मानाने लवकर सावरतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या मधल्या काळाची. पायात जोर आलेला असतो, माणूस बिनधास्त होतो, आणि हाड अजून कच्चंच असतं.

मग व्यायाम कोणता? १९८० च्या दशकात रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर प्रयोग केले. दिवसाला फक्त ३६ वेळा भार दिला तरी हाड वाढलं. शेकडो वेळा दिला तेव्हा जास्तीचा फायदा झाला नाही. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की एकसारख्या भाराला या पेशी लवकरच दाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा सावध होतात. म्हणजे एकदम तासभर घाम गाळण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं बरं: खुर्चीतून उठणं-बसणं, जिना चढणं, टाचा उचलून खाली आदळणं, पुढे वजनं. पोहणं आणि सायकल हृदयासाठी उत्तम, पण त्यात हाडावर फारसा भार येत नाही. किती वजन कधी टाकायचं हे मात्र एक्स-रे पाहून डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टनेच ठरवावं.

सगळं भरून येतं का? २०२२ मध्ये १७ अंतराळवीरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परतून वर्ष उलटलं तरी ९ जणांच्या नडगीच्या हाडाची घनता पूर्ववत झाली नव्हती. हाडाच्या आत बारीक काड्यांची जाळी असते, तिचे दुवे एकदा तुटले की सहसा परत जुळत नाहीत. नवं हाड उरलेल्या काड्यांवरच चढतं, त्या जाड होतात. उड्डाणाआधी जमिनीवर करत होते त्यापेक्षा अंतराळात जास्त डेडलिफ्ट (वाकून भार वर खेचण्याचा व्यायाम) करणाऱ्यांची हाडं मात्र सावरण्याची शक्यता अधिक दिसली.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी आजीला उभं करायला फिजिओथेरपिस्ट येतात आणि घरचे कळवळून म्हणतात, "अहो, राहू द्या ना आजचा दिवस." रक्ताच्या गुठळ्या आणि न्यूमोनिया टाळायला तर हे उभं राहणं लागतंच, पण हाडाची झीजही त्याच दिवसांत सुरू झालेली असते.