रिमोटला कान नसतात

मे महिन्यात इंदूरला दुपारी ४१-४२ अंश होतात आणि पहाटे चारला अंगावर चादर ओढावीशी वाटते. शब-ए-माळवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणतात ती हीच. साडेपाचशे मीटर उंचीचं पठार, कोरडी हवा, निरभ्र आकाश. सूर्य गेला की जमिनीतली ऊब भराभर वर निघून जाते. आमच्या लोकमान्यनगरच्या घरात पूर्वी सगळे गच्चीवर झोपायचे. आता गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सोलरची पॅनेलं आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या. म्हणून झोप खाली, बंद खोलीत, एसी लावून. आणि मग रात्री तीनला आईची हाक येते, "अरे, हे बंद कर रे, गोठले मी!"

रिमोट तिच्या उशाशीच असतो. ती बटण दाबते, रिमोटवर 'बंद' उमटतं, एसी चालूच. ती परत दाबते, एसी तरीही चालूच. "तुमचं यंत्र माझं ऐकत नाही," ही तिची तक्रार मी दोन उन्हाळे हसण्यावारी नेली. तिसऱ्या उन्हाळ्यात नीट पाहिलं तेव्हा कळलं, की ती अगदी बरोबर बोलत होती.

रिमोटच्या टोकाशी एक छोटा एलईडी असतो. त्याचा अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. खोलीत अंधार करून कॅमेऱ्यासमोर रिमोट धरा आणि बटण दाबा, पडद्यावर जांभळट ठिपका फडफडतो. ती फडफड म्हणजे निरोप. एसीवर पडणारा इतर प्रकाश आणि हा निरोप वेगळे ओळखता यावेत म्हणून एलईडी सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या लांब-आखूड तुकड्यांतून शून्य आणि एक लिहिले जातात.

टीव्हीचा रिमोट एवढंच सांगतो, की आवाज एक पायरी वाढव. एसीचा रिमोट बहुतेक वेळा सगळी कुंडली पाठवतो: चालू की बंद, कूल की ड्राय, किती अंश, पंखा कितीवर, झडप हलती की स्थिर. तुम्ही २५ चे २४ केलेत तरी पूर्ण कुंडली पुन्हा जाते. म्हणूनच त्या रिमोटला स्वतःचा पडदा लागतो, कारण खोलीत काय चाललंय याची नोंद रिमोटच ठेवत असतो. पण एसी त्याला उलट काहीच कळवत नाही. हे साधं पोस्टकार्ड आहे; उत्तराची सोय असलेलं जोडकार्ड नव्हे.

आई मच्छरदाणीत आडवी पडून बटण दाबते. 'बंद'चं कार्ड जाळीत आणि उशीत हरवतं, पण रिमोटने आपल्या वहीत 'बंद' लिहून टाकलेलं असतं. दुसऱ्यांदा दाबलं की रिमोटच्या हिशेबाने आता 'चालू' करायचं, आणि या वेळचं कार्ड नेमकं पोहोचतं. चालू असलेल्या एसीला चालू राहण्याचा हुकूम! आई गोठणार नाही तर काय?

मी लगेच 'स्मार्ट' व्हायला निघालो. आधी १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावला आणि पहाटे अडीचला वीज तोडायची वेळ दिली. एसीने तोंड उघडं ठेवूनच मान टाकली, म्हणजे झडप मिटलीच नाही. दुपारी प्लग चालू झाला, पण एसी ढिम्म. वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायचं की नाही हे त्याचं तो ठरवतो. शिवाय कॉम्प्रेसर चालू असताना वीज तोडणं यंत्राला मानवत नाही. बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचा वायूचा दाब समान व्हायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक यंत्रं पुन्हा सुरू होण्याआधी तीनेक मिनिटं थांबतात. प्लग पंख्याला ठीक, एसीला नाही.

मग वायफायवर चालणारा आयआर ब्लास्टर आणला. मोबाइलवरून सांगायचं आणि टेबलावरच्या डबीने रिमोटची नक्कल करायची. छान चालतो, पण तीही पोस्टकार्डंच टाकते. ॲप दाखवतं ते डबीने काय पाठवलं ते, एसीने काय केलं ते नाही.

त्यातच माझी हुशारी. खोलीत हालचाल टिपणारा सेन्सर लावला आणि नियम लिहिला, की वीस मिनिटं कोणी नसेल तर एसी बंद. दुपारी आई डोळे मिटून जपाला बसली आणि एसी बंद झाला. हा पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगाची ऊब जागा बदलताना टिपतो, माणूस स्थिर बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. आई घामाघूम बाहेर आली आणि म्हणाली, "तुझ्या यंत्राने मला मेलेलीच धरलं की!" त्याच्या जागी आता छोटा रडार सेन्सर आहे. त्याच्या लहरी २४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांबीच्या. श्वासाबरोबर छाती काही मिलिमीटर वरखाली झाली तरी परतणाऱ्या लहरीत फरक पडतो, आणि जप सुखरूप पार पडतो.

पण मूळ दुखणं तसंच होतं. एसीच्या माहितीपुस्तिकेत, शेवटून दुसऱ्या पानावर, एका ओळीत लिहिलं होतं की वायर्ड कंट्रोलर वेगळा घेतल्यास जोडता येतो. सर्व्हिसला आलेल्या मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, "भिया, कॉर्डेड रिमोट तो होटलों में लगता है." खरं आहे. छतात बसवलेल्या कॅसेट एसीखाली, ऑफिसच्या भिंतीवर जी पांढरी डबी दिसते, तीच ही.

भिंतीतून यंत्रापर्यंत एक बारीक वायर जाते. डायकिनच्या पद्धतीत त्या वायरीत दोनच तारा असतात, पी-१ आणि पी-२, आणि कुठली तार कुठे हेही पाहावं लागत नाही. या दोन तारांवरूनच कंट्रोलरला लागणारी डीसी वीज येते आणि त्याच विजेवर बारीक हेलकावे देऊन दोन्ही बाजूंचे निरोपही जातात. मला यावरून पाळण्याची दोरी आठवते. बाळंतीण अंथरुणात पडल्या पडल्या दोरी ओढते, आणि त्याच दोरीतून तिच्या हाताला कळतं की बाळ झोपलंय की चुळबुळतंय. इथेही कंट्रोलर सांगतो, '२६ वर जा', आणि यंत्र उत्तर देतं, 'गेलो. आत ही हवा आहे, जाळी धुवायला झाली आहे, आणि अमुक बिघाड आहे.'

घरगुती स्प्लिटमध्येही ही दोरी कधी कधी लपलेली असते. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या अनेक यंत्रांत आतल्या बोर्डावर सीएन-१०५ नावाचा पाच पिनांचा छोटा सॉकेट असतो. त्यातून सेकंदाला २,४०० बिट अशा संथ चालीने संवाद चालतो. हौशी मंडळींनी तो संवाद ऐकून उलगडला, आणि आता ईएसपी-३२ सारखी काडेपेटीहून लहान वायफाय चिप तिथे जोडून होम असिस्टंटला, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, एसीशी थेट बोलता येतं. हे मोहात पाडणारं आहे, पण एक गोष्ट दरडावूनच सांगतो. एमसीबी खाली पाडल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि पाच व्होल्ट लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. काही बोर्डांवर कमी व्होल्टेजचा भागसुद्धा मेन लाइनपासून अलग केलेला नसतो. वॉरंटी जाते ते वेगळंच.

आम्ही सरळ कंपनीचा वायर्ड कंट्रोलर घेतला. आणि तेव्हा खरा धडा मिळाला, तो वायरीचा नव्हे, थर्मामीटरचा.

१८८३ साली अमेरिकेत वॉरन जॉन्सन या शिक्षकाने विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. त्याच्या शाळेत झाडलोट करणारा माणूस दर तासाला वर्गात डोकावून थर्मामीटर बघायचा आणि तळघरातली भट्टी कमी-जास्त करायचा. जॉन्सनने वर्गात थर्मोस्टॅट बसवून भट्टीपाशी घंटी वाजायची सोय केली. खोलीत माणसं बसतात तिथली हवा मोजायची, ही यातली मुख्य गोष्ट. स्प्लिट एसीत आपण नेमकं उलटं केलंय. तापमान मोजणारा तुकडा, थर्मिस्टर, यंत्राच्या पोटात, आठ फुटांवर, छताच्या जवळ. गरम हवा वर चढते म्हणून कंपन्या त्यात काही अंशांची वजावट धरतात, पण ती अंदाजाची. आईच्या उशाशी मी साधा डिजिटल थर्मामीटर ठेवला तर रात्री तीनला २२ दिसले. एसी २५ वर लावलेला होता. गार हवेचा झोत थेट पलंगावर, आणि यंत्र बिचारं वर तापलेल्या छताशी बसून म्हणतंय, अजून बरंच काम बाकी आहे.

वायर्ड कंट्रोलरच्या पोटात स्वतःचा थर्मिस्टर असतो आणि कुणाचं ऐकायचं, यंत्राचं की भिंतीचं, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. काही रिमोटमध्ये 'फॉलो मी' किंवा 'आय फील' नावाचं बटण असतं, त्यात रिमोट दर काही मिनिटांनी स्वतःजवळचं तापमान पोस्टकार्डावर लिहून पाठवतो. गादीखाली गेलेला रिमोट काय लिहीत असेल, ते वाचकांनी ताडावं.

मी कंट्रोलर पश्चिमेच्या भिंतीवर बसवला. चूक. रात्री अकरापर्यंत तो खरं त्याहून दोन अंश जास्त सांगत होता, कारण ती भिंत दिवसभराचं ऊन पिऊन बसलेली. ऊन 'पिणं' म्हणजे किती, याचा हिशेब मांडला तर माझाच विश्वास बसेना. बारा बाय बाराची खोली, वर पाच इंची स्लॅब. त्यात सुमारे चार टन काँक्रीट. ते एक अंशाने निववायचं तर अंदाजे ३,६०० किलोज्यूल, म्हणजे एक युनिट उष्णता बाहेर काढायला हवी. त्याच खोलीतली सगळी हवा एक अंश निववायला ४६ किलोज्यूल पुरतात. दीड टनी एसी पूर्ण ताकदीने तासाला सव्वापाच युनिट उष्णता ओढतो, तेव्हा हवा अर्ध्या मिनिटाच्या आत एक अंश उतरते आणि नुसत्या स्लॅबला तेवढ्याचसाठी अकरा-बारा मिनिटं लागतात. चार भिंती अजून धरल्याच नाहीत. म्हणून एसी लावल्यावर दहा मिनिटांत आकडा २५ दिसतो, तरी अंगाला उकडतच असतं; छत वरून शेकत असतं. आपण रिमोट उचलून १८ करतो. खोली त्याने लवकर गार होत नाही, नुसतं थांबायचं ठिकाण लांब जातं, आणि पहाटे तिथे पोहोचल्यावर आई गोठते.

१ जानेवारी २०२० पासून भारतात स्टार लेबल असलेल्या एसींचं मूळ सेटिंग २४ अंश ठेवणं सक्तीचं आहे. एक अंश वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

कंट्रोलर आता आतल्या भिंतीवर आहे, आईच्या खांद्याच्या उंचीवर, झोतापासून दूर. नियमही बदलले. संध्याकाळी सहाला, आई खोलीत नसतानाच, एसी २५ वर दोन तास चालतो आणि छताची ऊब ओढतो. नऊनंतर २७ आणि पंखा हळू. गच्चीवर सावलीत एक थर्मामीटर आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा दोन अंश गार झाली की एसी बंद होतो आणि मोबाइलवर निरोप येतो, खिडकी उघडा. मेमध्ये हे बहुधा रात्री एक-दीडला होतं. खिडकीच्या चौकटीला चुंबकी स्विच आहे, ती उघडी असेल तर एसी सुरूच होत नाही. हॉटेलात बाल्कनीचं दार उघडलं की एसी थांबतो, त्यातलाच हा प्रकार.

सगळ्यांत वरचा नियम मात्र आईचा. तिने भिंतीवरचं बटण स्वतः दाबलं की पुढचे दोन तास माझे सगळे नियम गप्प. कंट्रोलर दोन्हीकडून बोलतो म्हणूनच हे जमतं; बटण कुणी दाबलं, मी की तिने, हे प्रणालीला कळतं. ब्लास्टरच्या काळात तिने रिमोट वापरला तर माझ्या ॲपला पत्ताही नसायचा.

निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून मॅटर नावाचं एक समान मानक २०२२ च्या ऑक्टोबरात आलं, आणि खोलीतले एसी त्यात २०२३ मध्ये सामील झाले. नवा एसी घेणाऱ्यांनी दुकानात हा शब्द आणि वायर्ड कंट्रोलरची सोय, दोन्ही विचारून बघावं. दुकानदार पहिल्यांदा स्टारच सांगेल.

एवढं सगळं बसवलं आणि जून आला. मेमधली हवा इतकी कोरडी, की ३८ अंशांतही तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, सातेक अंश असतो. कूलरची खस त्यामुळेच चालते, फक्त नळाला येणारं नर्मदेचं पाणी टाकीत असावं लागतं. पहिल्या पावसानंतर हवा २८ अंशांवर आली आणि दवबिंदू २५ वर. माझ्या नियमांना २८ दिसले, २७ पासून एकच अंश दूर, म्हणून एसी मंद चालला. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा, हळू फिरला की आतली नळी फारशी गार होत नाही, आणि ती दवबिंदूच्या पुरेशी खाली गेली नाही तर हवेतलं पाणी गळतच नाही. तापमान बरोबर, आणि चादर चिकट. मग उशाशी आर्द्रतामापक आणला आणि नियम तापमानावरून दवबिंदूवर नेला: दवबिंदू २० च्या वर असेल तर ड्राय मोड, आणि गच्चीवरची हवा कितीही गार असो, खिडकीचा निरोप नाही.

त्या रात्री दहाच्या सुमारास पाऊस आला. एसी ड्रायवर चालू होता, मी ॲपमध्ये पाण्याचे आकडे उतरताना बघत होतो, आणि एकदम एसी बंद झाल्याची ओळ आली. खाली कारण लिहिलेलं: खिडकी उघडी. जाऊन पाहिलं तर आई गजांना धरून उभी होती, ओल्या मातीचा वास घेत.

"बंद झालं का रे ते?" तिने मागे न बघता विचारलं. "असू दे."