इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा?

साताऱ्यातल्या दुचाकींच्या गॅरेजवर ही मागणी हमखास ऐकू येते: सायलेन्सर बदललाय, एअर फिल्टर बदललाय, आता रेस सोडली की फटफट आवाज येतो आणि पिकअपही बसलाय, तर तेवढा ‘बॉक्स’ लावून द्या. बॉक्स म्हणजे पिगीबॅक कंट्रोलर. गाडीच्या मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, हात न लावता तो ईसीयू आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर यांच्यामध्ये बसतो. तो नेमकं काय करतो, हे पैसे मोजण्याआधी समजून घेतलेलं बरं.

आपल्याकडे २००६ मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनसह आली, २००७ मध्ये पल्सर २२० आली. पण २००९ मध्ये तीच पल्सर पुन्हा कार्बोरेटरवर गेली. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि मग मात्र नव्या मोटरसायकलींमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच. स्क्रू फिरवून मिक्श्चर लावणाऱ्या मिस्त्रींच्या हातातलं काम एका बंद डब्यात गेलं.

इंजेक्टर म्हणजे विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह. पंपाने दाबाखाली आणलेलं पेट्रोल त्याच्यापाशी तयार असतं. व्हॉल्व्ह जितका वेळ उघडा, तितकं पेट्रोल आत. चावी चालू असताना त्याला १२ व्होल्ट मिळतच असतात, ईसीयू दुसरी वायर अर्थ करतो तेवढ्यापुरता तो उघडतो. ६००० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं, १०,००० ला १२ मध्ये. त्या वेळेत हा सगळा खेळ. पिगीबॅक त्या अर्थ होणाऱ्या वायरमध्ये बसतो. ईसीयूने ४ मिलिसेकंद सांगितले, तर तो ४.४ करतो किंवा ३.८. काही बॉक्स स्पार्कचं टायमिंगही बदलतात, पण मुख्य काम हेच.

म्हणजे हवा वाढवणं त्याच्या हातात नाही. जितकी हवा आत आली, तितकंच पेट्रोल जळणार. मूळ प्रमाण चुकलेलं असेल तरच बॉक्सने ताकद वाढते.

हे प्रमाण कोण तपासतं? बेंड पाइपमध्ये बसलेला ऑक्सिजन सेन्सर. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. या बिंदूला लॅम्डा १ म्हणतात; हवा याहून कमी असेल तर लॅम्डा १ च्या खाली, जास्त असेल तर वर. कंपनीचा साधा सेन्सर या बिंदूपाशी उडी मारतो: मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ व्होल्टच्या जवळ, लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ च्या जवळ. किती रिच, किती लीन, हे तो नीट सांगू शकत नाही. एका वेगाने आरामात चाललेल्या गाडीत ईसीयू त्याचं ऐकून पेट्रोल सतत किंचित कमी-जास्त करत राहतो. कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही प्रकारचे विषारी वायू एकदम साफ करतो तो फक्त लॅम्डा १ च्या अगदी आसपास. रेस पूर्ण पिळली की मात्र ईसीयू सेन्सर बाजूला ठेवतो आणि आपल्या तक्त्याप्रमाणे थोडं जास्त पेट्रोल देतो. सर्वांत जास्त ताकद लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या दरम्यान मिळते.

बहुतेक घोळ इथेच होतो. आरामाच्या चालीत बॉक्सने ८ टक्के पेट्रोल वाढवलं की सेन्सर ‘रिच’ म्हणतो आणि ईसीयू ते ८ टक्के काढून टाकतो. बऱ्याच ईसीयूंमध्ये ही कपात लक्षात ठेवली जाते आणि पूर्ण रेसलाही लागू होते. मग जिथे पेट्रोल खरंच हवं, तिथेच कमी पडतं. यावर उपाय म्हणून काही जण सेन्सरचा सिग्नलच बदलून देतात. रस्त्यावरच्या गाडीत ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे: कन्व्हर्टर निकामी होतो, पीयूसीचा आकडा चढतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय केलेल्या बदलांना मुभा देत नाही.

आणखी एक गोष्ट. सायलेन्सर बदलताना बेंड पाइपचं गॅस्केट नीट बसलं नाही, तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, प्लग काळा पडतो, एव्हरेज घसरतं. फटफट आवाजही त्यातूनच येऊ शकतो. बॉक्सची चौकशी करण्याआधी गॅस्केट बदलून बघावं.

आता पेट्रोलच बदललंय. कराड-वाळव्याच्या पट्ट्यातला ऊस कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून इथेनॉल होऊन टाकीत येतो. इथेनॉलला हवा कमी लागते, नऊ भागच; त्यामुळे ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. आरामाच्या चालीत सेन्सर हे सांभाळून घेतो. पूर्ण रेसला तक्ता जुन्या पेट्रोलचा असेल, तर मिश्रण काही टक्के लीन राहतं, एक्झॉस्ट तापतो. बॉक्सचा खरा उपयोग मला इथे दिसतो. मीटरवर १४.७ किंवा १३ असे आकडे न बघता लॅम्डा बघावा. इंधन कुठलंही असो, तो आकडा फसवत नाही.

तो बघायला मिश्रण किती रिच, किती लीन हे नेमकं सांगणारा वाइडबँड सेन्सर लागतो, त्यासाठी बेंड पाइपवर नट वेल्ड करावा लागतो. बॉक्सला आधी रेस बंद आणि पूर्ण उघडी अशा दोन्ही स्थिती शिकवायच्या, इंजिन पूर्ण तापू द्यायचं, आणि डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर, एकाच गिअरमध्ये वाचन घ्यायचं. बॉक्सच्या तक्त्यात, म्हणजे मॅपमध्ये, आडवे आरपीएम, उभी रेसची टक्केवारी. एका चौकटीत एका वेळी दोन-तीन टक्क्यांहून जास्त बदल नको. दुसऱ्याच्या गाडीचा मॅप तसाच उतरवून घेण्यात अर्थ नाही, सायलेन्सर वेगळा की आकडे वेगळे. घाटाची मात्र काळजी नको. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासला चढताना उंची साधारण पाचशे मीटर वाढते, हवा चार-पाच टक्के विरळ होते. ईसीयू दाबाच्या सेन्सरवरून पेट्रोल आपोआप कमी करतो आणि बॉक्सची टक्केवारी त्या कमी झालेल्या आकड्यावरच लागते.

बसवताना अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्यावा; रंग लागलेल्या चॅसिसच्या बोल्टला दिला तर इंजेक्टरचा प्रवाह लटपटतो. कपलरला (वायरींच्या जोडाला) पाणी अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावं आणि वायर बेंड पाइपपासून लांब बांधावी. बामणोलीकडच्या पावसात पाणी शिरून कपलरच्या पिना हिरव्या पडल्या, की गाडी मिसिंग करते आणि दोष मॅपवर जातो. अशा वेळी लॅपटॉप जोडण्याआधी कपलर उघडून बघावा.