‘समजलं का?’ विचारल्यावर किती थांबता?

पोळा झाला, की नागपूरच्या बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षाचे मागचे बाक मोकळे दिसू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये पट भरलेला असतो, बसायला जागा नसते. मग एकेक जण येईनासा होतो. भांडून कोणी जात नाही. आधी सकाळचं पहिलं लेक्चर बुडतं, मग प्रॅक्टिकलची फाईल अपुरी राहते, मग ‘आता सरांना काय तोंड दाखवू’ असं होतं. हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की कळतं, पोट्टा बुटीबोरीला कंपनीत लागला.

स्टाफरूममधली कारणं ठरलेली: मोबाइल, घरची परिस्थिती आणि ‘यांना शिकायचंच नाही’. यातलं घरच्या परिस्थितीचं कारण खरं आहे. कितीही चांगला शिक्षक कोणाच्या बापाचं कर्ज फेडू शकत नाही. पण त्यापलीकडेही बरंच काही वर्गातच घडतं, आणि त्यावर गेली पन्नासेक वर्षं अभ्यास होतो आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली गळतीचा एक सिद्धांत मांडला. त्याचा आधार त्यांनी घेतला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या आत्महत्येवरच्या विवेचनाचा! माणूस समाजापासून तुटतो तेव्हा काय होतं, तोच प्रश्न टिंटोंनी कॉलेजला लावला. अभ्यासाशी आणि तिथल्या माणसांशी विद्यार्थ्याचं नातं जुळलं नाही, तर त्याचा पाय निघतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ‘हुशार’ आणि ‘ढ’ एवढ्या दोनच रकान्यांत ही गळती बसत नाही.

आता वर्गात जाऊ. शिक्षक फळ्यावर गणित सोडवतात, वळतात आणि विचारतात, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, “हो सर.” “कोणाला डाऊट?” शांतता. “चला, पुढे.” मागच्या बाकावरचा कुजबुजतो, “काहीच समजून नाही राहिलं बे.” हे ऐकायला फळ्याजवळ कोणी नसतं.

१९७०च्या दशकात मेरी बड रो या संशोधक बाईंनी शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो अवधी तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली, आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. साठ पोरांसमोर गप्प उभं राहून पाहा, घाम फुटतो.

अर्थात, थांबायचं तर प्रश्नही थांबण्याजोगा हवा. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षात विचारता येईल असा एक घ्या. तारेचे दोन साधे बल्ब, एक १०० वॉटचा, एक ४० वॉटचा, दोन्ही २३० व्होल्टचे. ते सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडून घरच्या लाइनला लावले, तर जास्त उजळेल कोणता? बहुतेकांचं मत १०० वॉटला जातं. इथे उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरायचा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१च्या सुमारास रूढ केलेली रीत अशी: आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं, मग पुन्हा मत. यंत्रबिंत लागत नाही. पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरली की शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि शिक्षकाला दिसतात.

उत्तर आहे ४० वॉटचा. पूर्ण पेटलेला असताना त्याच्या तारेचा रोध (करंटला होणारा अडथळा) सुमारे १३२२ ओहम, तर १०० वॉटच्या तारेचा ५२९. सिरीजमध्ये दोघांतून करंट सारखाच जातो, म्हणून जिथे रोध जास्त तिथे वीज जास्त खर्ची पडते. हे शिक्षकाने सांगितलं की पोरं उतरवून घेतात. पण “अबे, करंट तर सेमच आहे ना दोघात!” असं शेजाऱ्याने सांगितलं, तर डोक्यात बसतं. शिवाय दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून इंग्रजी लेक्चरमध्ये येऊन पडलेल्या मुलीला त्या दोन मिनिटांत तोंड उघडायला मिळतं, तेही आपल्या बोलीत. वर्गात तिची पहिली ओळखही बहुधा तेव्हाच होते.

अशा पद्धतींवरची विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांतली २२५ संशोधनं स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एकत्र तपासली. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारे किंवा विषय सोडणारे सरासरी ३४ टक्के होते. जिथे विद्यार्थ्यांना कामाला लावलं, तिथे सुमारे २२ टक्के. तरीही आपल्याकडे ‘पोरांना गुंतवून ठेवायचं’ म्हटलं की विनोद, व्हिडिओ आणि रंगीत स्लाइड आठवतात. मला हा सगळा खटाटोप जरा फोल वाटतो.

कारण शिकण्याचा भास आणि शिकणं यांची फारशी मैत्री नाही. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भौतिकशास्त्राचा तोच धडा दोन तऱ्हांनी शिकवला. स्वतः झटापट करणाऱ्या गटाला चाचणीत जास्त गुण पडले, पण ‘आज किती शिकलात?’ या प्रश्नाला त्याच गटाने कमी सांगितलं. उलट्या मडक्यावर लांबपोळी टाकणाऱ्या बाईंकडे पाहत उभं राहिलं की सगळं सोपं दिसतं. ओलं पीठ आपल्या हातावर आलं की ते कोपरापर्यंत ओघळतं. झटापट करणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला जमत नाहीये, सर नीट शिकवत नाहीत. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याला सांगून ठेवावं लागतं, की जड जाईल, आणि ते जड का जातं.

हे ‘सांगून ठेवणं’ क्षुल्लक नाही. १९८२ साली विल्सन आणि लिनव्हिल या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्या वर्षात धास्तावलेल्या ४० विद्यार्थ्यांपैकी काहींना इतकंच कळवलं, की सुरुवातीला गुण कमी पडतात आणि पुढे वाढतात. सोबत वरच्या वर्गातल्यांच्या मुलाखती दाखवल्या. दुसरं वर्ष संपेपर्यंत त्यांच्यातले ५ टक्के कॉलेज सोडून गेले, बाकीच्यांतले २५ टक्के. गट लहान होता, त्यामुळे आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. आपल्याकडे एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, एटीकेटी लागलेला (विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेला) पोरगा ‘हे आपल्यासाठी नाहीच’ असा अर्थ काढतो. एटीकेटी काढून पुढे गेलेल्या सीनियरला अर्धा तास वर्गात बोलवायला खर्च येत नाही.

छोट्या चाचण्यांचंही असंच आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात एक उतारा काहींनी पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. तीन गुणांची, दर आठवड्याची चाचणी शिक्षकाच्याही कामाची. कोण मागे पडतोय ते पहिल्या इंटर्नलची वाट न पाहता कळतं.

राहिली हजेरी. वर्गात येणं आणि गुण यांचा संबंध घट्ट आहे, हे २०१०च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. पण हजेरीची सक्ती केल्याने पडणारा फरक थोडाच होता. ७५ टक्क्यांचा नियम दाखवून पोरगा बाकावर बसवता येतो, एवढंच. त्यापेक्षा सलग दोन प्रॅक्टिकल बुडली की फोन करावा. आणि ती आठवड्याची चाचणी तासाच्या सुरुवातीला घेऊ नये. काटोल-उमरेडहून एसटीच्या पासवर येणारे पहिली दहा मिनिटं हमखास चुकवतात, आणि गळतीच्या काठावर बहुतेकदा तेच असतात.